आमच्याकडचं क्लासिक रॉक एफएम स्टेशन: ५ पैकी २ स्टार, तेही सकाळच्या शोमुळे

आधीच सांगून ठेवतो, स्टेशनचं नाव घेणार नाहीये. एकतर तिथं जे मोजके लोक अजून नोकरीवर टिकून आहेत त्यांच्या पोटावर पाय नको, आणि दुसरं म्हणजे नाव सांगून तसा काही फरकही पडत नाही, अमेरिकेत तुम्ही ओहायोत रहा नाहीतर कॅन्ससमधे, गाडीत बटण दाबलं की जे क्लासिक रॉक स्टेशन लागतं ते थोड्याफार फरकाने हेच असतं. आणि माझी मुख्य तक्रारही तीच आहे, त्यामुळे पुढचं वाचताना आपापल्या गावचं स्टेशन डोळ्यासमोर आणा, चालून जाईल.

मी राहतो ओहायोच्या वायव्य भागात, मध्यम आकाराचं गाव, ऑफिसला गाडीशिवाय पर्याय नाही आणि गाडीत एफएमशिवाय मला चैन पडत नाही. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर मित्रांच्या कॅसेटा मागून मागून रॉक ऐकलेला माणूस मी, इथं आल्यावर तीच गाणी चोवीस तास फुकटात हवेतून येतायत म्हणल्यावर पहिले काही महिने तर मी गाडी पार्क करूनही आत बसून राहायचो. म्हणजे हा रिव्ह्यू काही रेडिओच्या शत्रूने लिहिलेला नाही एवढं लक्षात घ्या.

सिग्नल आणि आवाज: इथं तक्रार शून्य. ताकदीचा एफएम ट्रान्समीटर, सपाट प्रदेश, मक्याच्या शेतांमधून तासभर गाडी चालवली तरी गिटार खणखणीत. डेटा लागत नाही, लॉगिन लागत नाही, फोनला हात लावावा लागत नाही. ज्यांना वाटतं रेडिओ तंत्रज्ञान म्हणून संपलाय त्यांनी बर्फाच्या वादळात मोबाईल टॉवर बंद पडल्यावर बोलावं.

प्लेलिस्ट: आता इथून पुढं रडगाणं. लेड झेपेलिनने १९६९ ते १९७९ या काळात आठ स्टुडिओ अल्बम काढले, आणि आमच्या स्टेशनला त्यातली दहाएक गाणी ठाऊक आहेत. बाकीची जणू रेकॉर्डच झाली नव्हती. हेच ईगल्सचं, हेच पिंक फ्लॉइडचं. एखादा बँड चाळीस वर्षं वाजवत राहिला आणि इथं त्याची ओळख काय तर तीन गाणी, तीही आलटून पालटून, सकाळी जे लागलं ते संध्याकाळी घरी येताना पुन्हा. पूर्वी ज्याला अल्बम रॉक म्हणायचे, म्हणजे डीजे अख्खी साइड लावून द्यायचा आणि मधे बोलायचाही नाही, त्याची ही चिल्लर करून टाकलीय.

बरं यामागे मूर्खपणा आहे असं नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण लोक सरसकट शिव्या घालतात. या धंद्यात वर्षानुवर्षं एक पद्धत आहे, एखाद्या हॉटेलच्या हॉलमधे श्रोते बोलवायचे, त्यांना शेकडो गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवायचे आणि मार्क द्यायला लावायचे. काही सेकंदांत कुठलं गाणं ओळखू येणार? जे आधीच हजारदा ऐकलंय ते. मग तेच पास होतं, तेच वाजतं, आणि पुढच्या वेळी अजून ओळखीचं होऊन बसतं. त्यात मोठ्या शहरांत २००७ पासून पीपीएम नावाचं, श्रोते मोजणारं पेजरसारखं यंत्र आलं, कमरेला लावायचं, ते तुमच्या कानावर पडणाऱ्या स्टेशनचा छुपा कोड आपोआप पकडतं, म्हणजे माणसाने अनोळखी गाण्याला स्टेशन बदललं तर ते लगेच दिसतं. हे दिसल्यावर प्रोग्रॅम डायरेक्टर कशाला धोका पत्करेल? त्याची नोकरी त्या आकड्यावर आहे. आमच्यासारख्या लहान गावात तर हे यंत्र नाहीच, इथं अजूनही लोकांनी डायरीत लिहून द्यायचं असतं काय ऐकलं ते, पण प्लेलिस्ट मोठ्या शहरांच्या हिशोबाने वरूनच ठरून येते, त्यामुळे आजार नसताना औषध मात्र आम्हालाही.

आणि हा क्लासिक रॉक नावाचा फॉरमॅट जन्मालाच तसा आला होता हेही खरं. ८० च्या दशकाच्या मध्यात फ्रेड जेकब्ज नावाच्या सल्लागाराने तो अनेक स्टेशनांना विकला, कल्पना सरळ होती, ज्यांचं कॉलेज ६० आणि ७० च्या दशकात झालं त्यांच्या हातात आता पैसे आलेत, त्यांना नवीन काही ऐकवू नका, त्यांचंच तारुण्य त्यांना परत वाजवून दाखवा. धंदा म्हणून भन्नाट चालला. पण जाहिरातदाराला हवा असतो २५ ते ५४ वयाचा श्रोता, आणि ती पोरं आता सत्तरीला टेकली, म्हणून मग हळूच ६० चं दशक यादीतून गळलं, ७० चं निम्मं गळलं, आणि ९० च्या दशकातलं ग्रंज नावाचं रॉक आत आलं. परवा त्यातलाच निर्वाणा बँड लागला आणि पाठोपाठ 'क्लासिक' असा दणदणीत आवाज आला तेव्हा स्वतःच्या पाठदुखीचं कारण कळलं.

डीजे: म्हणजे आवाज आहे, माणूस नाही. सकाळचा शो सोडला (त्याबद्दल खाली लिहितो) तर दहा वाजल्यानंतर स्टेशनात बहुतेक कोणी नसतंच. जे बोलणं ऐकू येतं ते दुसऱ्या राज्यातल्या कुणीतरी आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं, याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात, चार तासांच्या शोचं बोलणं तासाभरात उरकता येतं कारण गाणी ऐकत बसायची गरजच नाही, आणि तोच माणूस अजून चार-पाच गावांसाठी 'काय मंडळी, कसं काय' करत असतो, गावाचं नाव तेवढं बदलून. पकडायचं असेल तर सोपं आहे, इथं जवळ लायमा म्हणून गाव आहे, पेरूच्या राजधानीसारखंच स्पेलिंग पण इथला माणूस कधीच लीमा म्हणणार नाही. आमचा दुपारचा डीजे गेली कित्येक वर्षं लीमा म्हणतोय आणि त्याला सांगणारं कोणी नाही कारण फोन उचलणारंच कोणी नाही.

हसण्यावारी नेलं असतं, पण गेल्या उन्हाळ्यात टोर्नेडोचा इशारा आला, सायरन वाजले, आकाश हिरवट काळं, रेडिओवर तो कर्कश इमर्जन्सी टोन आपोआप वाजला, हवामान खात्याचा यांत्रिक आवाज येऊन गेला आणि पुढच्याच क्षणी आमचा डीजे आनंदात सांगतोय की काय झकास संध्याकाळ आहे, बार्बेक्यू पेटवा. मी तळघरात बायकोपोरांसोबत बॅटरीवरचा रेडिओ धरून बसलोय. त्या बिचाऱ्याने ते सकाळीच कधीतरी रेकॉर्ड केलं असणार, त्याची काय चूक, पण कुठला रस्ता बंद आहे, कुठं झाड पडलंय, शेजारच्या टाउनशिपमधे काय झालंय हे विचारायला त्या क्षणी गावात एकही रेडिओवाला जागेवर नव्हता. रेडिओ असण्याचं जे पहिलं कारण, त्यालाच हे स्टेशन नापास.

एकदा क्लीव्हलंडकडून शिकागोला गाडीने गेलो, ओहायो टर्नपाइक आणि पुढं इंडियाना टोल रोड, सरळसोट रस्ता, एक स्टेशन विरलं की दुसरं शोधायचं असा खेळ करत. नावं सगळी वेगवेगळी, कुठं पक्षी, कुठं जंगली प्राणी, कुठं नुसताच आकडा आणि पुढं 'रॉक्स'. पण गाणी तीच, दोन गाण्यांच्या मधला तो जाडाभरडा आवाज तोच, स्पर्धाही तीच, अमुक शब्द मेसेज करा आणि हजार डॉलर जिंका, आणि मग भरधाव वाचलेली अट की ही स्पर्धा देशभरातल्या स्टेशनांवर चालू आहे. खाली मान घालून विचार केला तर या सगळ्यांत स्थानिक म्हणावं असं एकच वाक्य सापडतं, कायद्याने दर तासाला सांगावी लागणारी स्टेशनची अक्षरं आणि गावाचं नाव. तेही सरकार बोलायला लावतं म्हणून.

हे असं का झालं यावर गप्पा मारल्या की लोक लगेच म्हणतात स्पॉटिफायने मारलं. मला पटत नाही. स्पॉटिफाय अमेरिकेत आलं २०११ मधे, त्याच्या कितीतरी आधी पाया उकरून झाला होता. फेब्रुवारी १९९६ मधे क्लिंटनने टेलिकम्युनिकेशन्स कायद्यावर सही केली, तोपर्यंत एका मालकाला देशभरात जास्तीत जास्त ४० स्टेशनं ठेवता यायची, २० एएम आणि २० एफएम. ती मर्यादाच काढून टाकली, आणि मोठ्या शहरात एकट्या मालकाला आठ स्टेशनं चालतील असं ठरलं. मग काय, झुंबड. क्लिअर चॅनल नावाची कंपनी काही वर्षांतच १२०० च्या वर स्टेशनांची मालक झाली. आता एवढी स्टेशनं घ्यायला पैसा कुठून आणला तर कर्ज. २००८ मधे बेन कॅपिटल आणि थॉमस एच. ली या दोन गुंतवणूकवाल्यांनी ती अख्खी कंपनी पुन्हा कर्ज काढूनच विकत घेतली, आणि ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर टाकलं, वर नेमका तोच मंदीचा काळ. पुढं नाव बदलून आयहार्टमीडिया झालं, कर्ज काही बदललं नाही, मार्च २०१८ मधे साधारण २० बिलियन डॉलरच्या ओझ्याखाली दिवाळखोरीच्या कोर्टात. त्याच्या आधी नोव्हेंबर २०१७ मधे क्युम्युलस गेली होती, आणि जानेवारी २०२४ मधे ऑडसी. म्हणजे या धंद्यातल्या तीन बलाढ्य कंपन्या पाठोपाठ कोर्टाच्या दारात.

जाहिरातींचा पैसा गूगल-फेसबुककडे वळला हे खरंय, नाकारत नाही. पण कमाई घटलेला साधा मालक काय करेल, जरा हात आखडेल, एखादी व्हॅन विकेल. व्याजाचा हप्ता डोक्यावर असलेला मालक मात्र सगळ्यात आधी माणसं काढतो कारण ट्रान्समीटर काढता येत नाही. रात्रीचा डीजे गेला, मग वीकेंडचा, मग म्युझिक डायरेक्टर, मग बातम्या वाचणारी बाई. जानेवारी २०२० मधे आयहार्टने देशभरात मोठी कपात केली तेव्हा कोविड यायचा होता, हे विसरू नका. आणि ऑक्टोबर २०१७ मधे एफसीसीने, म्हणजे रेडिओवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, मेन स्टुडिओचा जुना नियमच रद्द केला, म्हणजे ज्या गावाच्या नावाने लायसन्स आहे त्या गावात किंवा आसपास स्टुडिओ असलाच पाहिजे ही अट गेली. आता कायद्यानेही स्टेशन म्हणजे टॉवर आणि एक वायर. श्रोते नंतर गेले हो, आधी स्टेशनच स्टेशनातून निघून गेलं.

काही स्टेशनं तर थेट विकलीच गेली आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच, एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन, के-लव्ह नावाचं ख्रिस्ती भक्तिगीतांचं नेटवर्क चालवणारी ना-नफा संस्था. देणग्यांवर चालते, हातात रोकड, आणि कर्जबाजारी मालकाला रोकडच हवी असते. लॉस एंजेलिसचं 'द साउंड' नोव्हेंबर २०१७ मधे गेलं, शिकागोचं 'द लूप' मार्च २०१८ मधे, बॉस्टनचं डब्ल्यूएएएफ फेब्रुवारी २०२० मधे, तिन्ही त्यांच्याकडेच. लूपवाल्यांनी जाता जाता शेवटचं गाणं लावलं एसी/डीसीचं हायवे टू हेल, आणि त्यानंतर त्याच फ्रिक्वेन्सीवर देवाची गाणी सुरू. याला म्हणतात खोडी काढून मरणं. खरं सांगू का, आमच्या स्टेशनपेक्षा मला लूपचा शेवट बरा वाटतो, निदान निरोप तरी घेतला. आमचं स्टेशन अधिकृतपणे जिवंत आहे, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी रडणारही नाही.

आता जुनं ते सगळं सोनं असंही नाही बरं का. याच लूपच्या स्टीव्ह डाल या डीजेने जुलै १९७९ मधे शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग बॉम्बने उडवला होता, हजारो पोरं मैदानात घुसली, त्या दिवशीची दुसरी मॅच रद्द करावी लागली, आणि त्या रागात गाण्यापेक्षा काळ्या आणि गे लोकांबद्दलची चीड किती होती यावर अजून भांडणं होतात. आमच्या शेजारच्या क्लीव्हलंडचं डब्ल्यूएमएमएस, गिधाडाचा लोगोवालं, एवढं नावाजलेलं स्टेशन, तर १९८८ मधे उघड झालं की रोलिंग स्टोन मासिकाच्या वाचक मतदानात यांनीच आपल्या नावाची मतं भरली होती. बायका डीजे म्हणून मोजक्याच असायच्या. पण तरी तिथं माणसं होती, भांडकुदळ, लबाड, पण त्याच गावात राहणारी. त्यांच्यावर चिडता यायचं. लीमावाल्यावर काय चिडणार?

आमच्या ऑफिसात इथंच जन्मलेला एक जुना माणूस आहे, तो सांगतो की पूर्वी रात्री फॅक्टरीच्या तिसऱ्या शिफ्टमधनं पोरं फोन करून गाणं मागायची आणि डीजे त्यांना नावाने ओळखायचा, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला कामावरनं काढलं हे गाण्याआधी सांगायचा. आपल्याकडं विविध भारतीवर फर्माइशींची नावं वाचली जायची तसंच काहीसं, फक्त हे सगळे एकाच गावातले. आता रिक्वेस्टचा नंबर वेबसाइटवर आहे अजून. लावून बघा. वाजतो छान.

जाहिराती: तासातली दहा-पंधरा मिनिटं तरी जातात, तीही दोन मोठ्या गठ्ठ्यांत. अपघात झाला तर या वकिलाकडे या, गुडघे दुखत असतील तर या क्लिनिकमधे या, छप्पर, खिडक्या, सोनं विकत घेणारे, आणि पुरुषांच्या त्या विशिष्ट तक्रारीवरचे दवाखाने, पोरं गाडीत असताना पटकन आवाज कमी करावा लागतो. श्रोत्यांचं वय काय समजलंय हे जाहिरातीच सांगतात. लोकल दुकानाची जाहिरात क्वचित येते आणि आली की अक्षरशः बरं वाटतं, टायरवाला स्वतःच्या अडखळत्या आवाजात बोलतो, ते आख्ख्या तासातलं सगळ्यात खरं बोलणं असतं.

ॲप: टाकू नका. रेडिओवर फुकट आणि लगेच लागणारं स्टेशन ॲपमधे आधी व्हिडिओ जाहिरात दाखवतं, लोकेशन मागतं, मग पॉडकास्ट ऐका म्हणून मागं लागतं.

चांगलं काय? सकाळचा शो. दोन जण आहेत, एक बाप्या आणि एक बाई, इथंच राहतात, किराणा दुकानात दिसतात. त्यांना कुठल्या पुलाचं काम रखडलंय माहिती असतं, शाळा बर्फामुळं बंद आहेत का हे ते सुपरिटेंडंटला विचारून सांगतात, शरद ऋतूत शुक्रवारच्या हायस्कूल फुटबॉलवर सोमवारी त्यांची हमरीतुमरी चालते, थँक्सगिव्हिंगच्या आधी फूड बँकेसाठी पार्किंग लॉटमधे थंडीत उभं राहून डबे गोळा करतात. गाणी त्यांच्याही हातात नाहीत, यादी वरूनच येते, पण कधीतरी बाप्या त्या गाण्याच्या आधी सांगतो की हा बँड इथं जवळच्या टोलेडो शहरात आला होता तेव्हा काय झालं, आणि घासून गुळगुळीत झालेलं गाणं पुन्हा ऐकावंसं वाटतं. हाच तर मुद्दा आहे ना, गाणं माझ्या फोनमधेही आहे, ती आठवण फोनमधे नाही. आणि कंपनीने नेमकी तीच वस्तू महाग पडते म्हणून काढून टाकली आणि जी सगळीकडं मिळते ती ठेवली.

पर्याय विचाराल तर सॅटेलाइटवर सिरियसएक्सएमची क्लासिक विनाइल आणि डीप ट्रॅक्स ही चॅनल आहेत, जाहिराती नाहीत, प्लेलिस्ट जास्त खोल, पण दर महिन्याला पैसे आणि गावाचा संबंध शून्य. स्ट्रीमिंगचं सगळ्यांना माहितीये. जाता जाता एक विचित्र गोष्ट, अमेरिकेत एफएम स्टेशन गाणं लिहिणाऱ्याला रॉयल्टी देतं पण रेकॉर्डिंगवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काहीच देत नाही, सॅटेलाइट आणि स्ट्रीमिंगला मात्र ती द्यावी लागते. म्हणजे एवढी सवलत असूनही यांचं दिवाळं निघालं, बोला.

माझा सल्ला, डायलच्या डाव्या टोकाला जा. ८८ ते ९२ मधला पट्टा बिगर-व्यावसायिक स्टेशनांसाठी राखीव आहे, तिथं के-लव्हसारखे बरेच सापडतील पण मधेच एखादं कॉलेजचं स्टेशन असतं, एखादं गावातल्या हौशी लोकांचं लो-पॉवर स्टेशनही असतं, सिग्नल दहा मैलांत संपतो, डीजे मधेच खोकतो, चुकीचं गाणं लागतं आणि तो माफी मागतो. आमच्याकडच्या कॉलेज स्टेशनवर रविवारी रात्री एक निवृत्त शिक्षक स्वतःच्या घरच्या रेकॉर्डी घेऊन येतात आणि दोन तास बी-साइड, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूची कमी ऐकलेली गाणी, वाजवतात, तो कार्यक्रम ५ पैकी ५.

आमच्या स्टेशनचा हिशोब असा: सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते दहा, साडेतीन स्टार, जरूर ऐका. दहानंतर एक स्टार, तो ट्रान्समीटरला. वीकेंडला लावूच नका, तेव्हा 'टू फॉर ट्यूसडे'चं (मंगळवारी एकाच बँडची दोन गाणी लागोपाठ लावायची ती टूम) रेकॉर्डिंग शनिवारी लागलेलंही मी ऐकलंय. आणि सकाळच्या जोडीतल्या बाईंचं काँट्रॅक्ट या वर्षअखेरीस संपतंय असं ऐकतोय, ते वाढवलं नाही तर वरचे दोनातले दीड स्टार काढून घ्या.